नव्याने घेतलेली जुनी गाडी सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

सेकंड हँड गाडी घेतल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच एखाद्या सकाळी ती सुरू होत नाही, ही तक्रार फार सर्वसाधारण आहे आणि तिला कारणही तसेच आहे. विक्रीसाठी उभी असलेली गाडी महिनोन् महिने एकाच जागी असते. येणारे ग्राहक दरवाजे उघडून पाहतात, त्यांना म्युझिक सिस्टीम लावून दाखवली जाते, काचा खालीवर केल्या जातात, पण गाडी धड दहा किलोमीटरही चालत नाही. त्यामुळे बॅटरी अर्धमेली होते, टाकीतले पेट्रोल शिळे होते आणि टर्मिनलवर खार चढतो. शिवाय आधीच्या मालकाने काय जोडले, काय काढले आणि कोणती वायर कुठे तोडली, हे नव्या मालकाला ठाऊक नसते. मी जुनी वॅगन आर घेतली तेव्हा या सगळ्यातून गेलो आणि त्यानंतर आप्तेष्टांच्या गाड्यांच्या निमित्ताने हा विषय नीट समजून घेतला. माझे म्हणणे एकच आहे: गाडी का सुरू होत नाही, याचे निम्मे उत्तर चावी फिरवल्यावर येणाऱ्या आवाजात असते आणि तो नीट ऐकल्याशिवाय, मल्टीमीटरने (वीज मोजण्याच्या छोट्या यंत्राने) आकडे घेतल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू नये.

हे मार्गदर्शन पेट्रोल, सीएनजी आणि डिझेलवरच्या गाड्यांसाठी आहे. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतील उच्च दाबाच्या वायरिंगला घरी हात लावू नये.

हाताशी काय असावे

साधने फार लागत नाहीत. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, जाड तारेची जम्पर केबल, टॉर्च, सँडपेपरचा तुकडा, जुना टूथब्रश आणि रबरी हातमोजे एवढ्यावर बहुतेक तपासणी होते. मोबाइलला ब्लूटूथने जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) असल्यास उत्तमच.

कागदपत्रांपैकी गाडीचे आरसी, विम्याची पॉलिसी, गाडीसोबतचे मॅन्युअल, सर्व्हिसच्या नोंदी आणि बॅटरीचे वॉरंटी कार्ड एकत्र ठेवावे. गाडी सीएनजीवर असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टचे (पाण्याच्या दाबाखालील चाचणीचे) प्रमाणपत्र पाहावे. मात्र या सर्वांहून मोलाच्या दोन गोष्टी म्हणजे दुसरी चावी आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर. त्यांचा उपयोग पुढे येईलच.

तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये किंवा ‘पी’वर ठेवावा. पेट्रोलचा वा गॅसचा वास येत असेल तर चावी अजिबात फिरवू नये. सीएनजी गाडीत सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा, दरवाजे उघडे ठेवावेत आणि मेकॅनिकला बोलवावे.

१. गाडी सुरू होण्याची परवानगी देते आहे का, ते पाहा

काही वेळा गाडीत दोष नसतोच. चावी फिरतच नसेल तर स्टिअरिंग लॉक झालेले असते. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवावी, जोर लावू नये. अनेक गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ (इंजिनला पहिला फिरका देणारी स्टार्टर मोटर) लागत नाही, तर ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर असावा लागतो. ‘पी’वर सेल्फ लागत नसेल तर ‘एन’वर प्रयत्न करून पाहावा, तेथे लागला तर गिअरजवळचा स्विच खराब आहे असे समजावे.

बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत चावीतला सेल संपलेला असू शकतो. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ जातीचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला असला तरी चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबल्यास अनेक गाड्या सुरू होतात. काही गाड्यांत चावी टेकवण्याची जागा वेगळी असते. ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते.

आता इमोबिलायझर या चोरी रोखणाऱ्या यंत्रणेविषयी, कारण जुन्या गाडीच्या बाबतीत येथेच मोठी फसगत होते. मूळ चावीच्या डोक्यात एक छोटी चिप असते आणि तिची ओळख पटल्याशिवाय गाडीचा संगणक इंजिनला इंधन देत नाही. रस्त्यावर घडवून घेतलेल्या डुप्लिकेट चावीत चिप नसेल तर कुलूप फिरते, बहुतेक गाड्यांत सेल्फही फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही किंवा पेटून क्षणात बंद पडते. चावी ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर प्रथम दुसऱ्या चावीने प्रयत्न करावा. ‘दुसरी चावी हरवली आहे, पण त्याने काही अडत नाही’ असे विक्रेता सांगतो तेव्हा अडते ते नेमके याच दिवशी.

२. चावी फिरवा आणि ऐका

म्युझिक, एसी, पंखा, दिवे सर्व बंद करावे, शेजारी कोणी असेल तर त्याला बोनेटपाशी उभे करावे आणि सेल्फ एकदाच, फार तर पाच सेकंद मारावा. पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिल्याने उरलीसुरली बॅटरी उतरते, सेल्फची मोटर तापते आणि मूळ दोष अधिकच झाकला जातो.

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डही अंधारा असेल, तर बॅटरी पूर्ण बसली आहे, टर्मिनल सुटले आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीकडे जावे. ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरीत जोर नाही किंवा जोडणी सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक’ येऊन पुढे शांतता झाली आणि दिवे मात्र प्रखर राहिले, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जाड वायरवर घ्यावा. इंजिन नेहमीच्या तालात फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष आहेत आणि शोध इंधन, ठिणगी वा सेन्सरकडे वळवावा.

पाचवा आवाज क्वचित ऐकू येतो, पण तो ओळखता आलाच पाहिजे. इंजिन नेहमीपेक्षा जलद, एकसुरी आणि कसलाही अडथळा नसल्यासारखे फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटलेला असू शकतो. अशा वेळी सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे, कारण पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकू शकतात. जुन्या सँट्रोमध्ये आणि डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात बेल्ट आहे. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनात साखळी असल्याने तेथे ही शक्यता फार कमी असते.

३. बॅटरीचे तीन आकडे घ्या

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची टोके थेट बॅटरीच्या खांबांवर टेकवावीत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे; १२.२ म्हणजे साधारण अर्धी; १२च्या खाली म्हणजे उतरलेली. दुसरा आकडा दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगून घ्यावा: तो ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर बॅटरी भरलेली दिसली तरी आतून कमजोर झालेली आहे. तिसरा आकडा गाडी कशीही करून सुरू झाल्यावर घ्यायचा असतो. इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. तो १२च्या घरातच अडकला असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज तयार करणारे यंत्र) चार्जिंग करत नाही आणि अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी ती दोन-तीन दिवसांत बसेल.

एक गोष्ट मुद्दाम तपासावी. विक्रीपूर्वी मूळ बॅटरी काढून तिच्या जागी कमी क्षमतेची किंवा दुरुस्त केलेली जुनी बॅटरी बसवण्याचा प्रकार घडतो. छोट्या पेट्रोल गाडीला सुमारे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पुरते, पण डिझेल गाडीला साधारणतः त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमता लागते. मॅन्युअलमधला आकडा आणि बॅटरीवरचा आकडा ताडून पाहावा, आणि वॉरंटी कार्डावरचा अनुक्रमांक बॅटरीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का, तेही पाहावे.

४. टर्मिनल आणि अर्थिंग: सर्वाधिक दुर्लक्षित जागा

माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये ‘सेल्फ गेला, नवा टाकावा लागेल’ असे सांगण्यात आले होते. लक्षणेही तशीच होती: एकच ‘टक’, आणि मग काही नाही. बॅटरी १२.५ दाखवत होती. प्रत्यक्षात दोष निघाला तो बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून बॉडी आणि गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत. बोल्ट वरून घट्ट दिसत होता, पण तो काढल्यावर वॉशरखाली हिरवट-पांढरी भुकटी साचलेली होती आणि वायरीच्या टोकाचे तांबे काळवंडून तिच्या अर्ध्याअधिक तारा तुटलेल्या होत्या. डॅशबोर्डच्या दिव्यांना लागणारा थोडासा करंट त्या उरलेल्या तारांतून जात असे. सेल्फला लागणारा शंभरावर अँपिअरचा करंट मात्र जात नसे. वायर बदलली आणि जुना सेल्फ आजही काम करतो आहे.

याची चाचणी सोपी आहे. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवावे व सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब आहे. हीच चाचणी पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यामध्येही घेता येते.

टर्मिनल साफ करताना प्रथम निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह काढावे. बसवताना क्रम उलटा ठेवावा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने खार धुवावा, आतला पृष्ठभाग सँडपेपरने चकचकीत करावा, घट्ट बसवावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. बसवलेले टर्मिनल हाताने पिळून हलता कामा नये. म्युझिक सिस्टीमला पुन्हा कोड मागितला जाण्याची शक्यता असते, म्हणून तो आधी शोधून ठेवावा.

५. जम्प स्टार्ट आणि धक्का

बॅटरी उतरली आहे एवढे निश्चित झाले असेल तरच जम्प स्टार्ट करावा. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावे. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून हा क्रम आहे. काढताना नेमका उलटा क्रम ठेवावा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर अल्टरनेटर आणि गाडीचा संगणक दोन्ही जळू शकतात.

धक्का मारून सुरू करण्याचा उपाय फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीत चालतो: चावी ‘ऑन’, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, आणि वेग आल्यावर क्लच सोडणे. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाला आणि संगणकालाच वीज मिळत नाही, त्यामुळे कितीही धक्का मारला तरी उपयोग होत नाही. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नये.

६. सेल्फ आणि रिले

बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग सर्व ठीक असून ‘टक’ही येत नसेल तर बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समधील स्टार्टर रिले (सेल्फकडे वीज सोडणारा छोटा स्विच) शोधावा. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्याच आकाराचा आणि त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले तात्पुरता तेथे लावून पाहावा. फ्यूज तपासताना रंग लक्षात ठेवावेत: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज कधीही टाकू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते. ‘टक’ येते, जाड वायरीत वीज पोचते आणि तरीही मोटर फिरत नाही, तेव्हाच सेल्फ काढावा. तेव्हाही सेल्फमधले कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) किंवा सोलेनॉइड (त्यावरचा विजेचा स्विच) बदलून काम होते का, हे ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारावे. पूर्ण सेल्फ दर वेळी बदलावा लागत नाही.

७. इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

चावी सेल्फपर्यंत न नेता केवळ ‘ऑन’ करावी आणि मागच्या सीटकडे कान द्यावा. पेट्रोल गाडीत टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद ‘घुंऽऽ’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले आणि जोडणी या क्रमाने पाहावे. फोर्डच्या काही जुन्या गाड्यांत अपघाताच्या धक्क्याने इंधन बंद करणारा स्विच असतो. तो मोठ्या खड्ड्यानेही उडू शकतो आणि दाबून पुन्हा बसवता येतो.

सीएनजी गाडी घेणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. टाटाच्या आयसीएनजीसारख्या थेट गॅसवर सुरू होणाऱ्या गाड्या अपवाद आहेत. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे पेट्रोलचा काटा तळाशी ठेवून गाडी चालवली असेल तर पंप जळण्याच्या बेतात असतो, आणि तो नेमका नव्या मालकाच्या हाती आल्यावर जातो. म्हणून टाकीत किमान पाव भाग पेट्रोल कायम ठेवावे. बराच काळ पडून राहिलेले पेट्रोल हाही स्वतंत्र दोष असतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. गाडी अनेक महिने उभी होती असे कळले तर जुने पेट्रोल काढून ताजे भरणे श्रेयस्कर.

वारंवार सेल्फ मारल्याने पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला तर प्लग भिजले असण्याची शक्यता आहे. पंधरा मिनिटे थांबावे, मग ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून सेल्फ मारावा. बहुतेक आधुनिक गाड्यांत त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि साचलेले पेट्रोल बाहेर फेकले जाते. इंजिन पेट घेऊ लागताच पाय काढावा.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन किती फिरते आहे हे संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्यावा. गाडी थंड असताना सुरू होते, तापल्यावर बंद केली की होत नाही, आणि अर्ध्या तासाने पुन्हा होते, हेही या सेन्सरचे ओळखीचे लक्षण आहे. ओबीडी स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरचा, पी ०३४० कॅम सेन्सरचा, पी ०२३० इंधन पंपाच्या विद्युत मार्गाचा आणि पी ००८७ इंधनाच्या कमी दाबाचा असतो. कोड पुसण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. कोड संशयाची दिशा दाखवतो. सेन्सरची वायर उंदराने कुरतडली असली तरी कोड सेन्सरचाच येतो.

डिझेल गाडीत वेटोळ्याच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. नुकताच डिझेल फिल्टर बदलला असेल किंवा टाकी कोरडी पडली असेल तर नळीत हवा शिरलेली असते आणि ती हातपंपाने काढावी लागते. ॲडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) लागणाऱ्या बीएस ६ डिझेल गाडीत त्याची टाकी पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, ही गोष्ट अनेक विक्रेते सांगतच नाहीत.

८. आधीच्या मालकाला फोन करा

वरच्या तपासणीत काहीच हाती लागले नाही तर मेकॅनिकच्या आधी आधीच्या मालकाला विचारावे. चोरीपासून बचावासाठी पेट्रोल पंपाच्या वायरीत छुपा स्विच बसवणारे लोक आहेत. तो सीटखाली, डॅशबोर्डखाली किंवा ॲशट्रेच्या मागे असतो आणि गाडी धुताना किंवा सीट सरकवताना नकळत बंद होतो. गाडीवर कर्ज असेल तर गाडी दुरून बंद करता येणारे जीपीएस यंत्र बसवलेले असू शकते. आरसीवर कर्जाची नोंद अजून असेल तर हा प्रश्न तंत्रज्ञाचा न राहता कागदपत्रांचा होतो. फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) आणि वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र मिळवणे भाग असते. बाहेरून बसवलेला अलार्म आणि सेंट्रल लॉक यांची जोडणीही इग्निशनच्या वायरीतून गेलेली असते. स्टिअरिंगखालचे झाकण काढून काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेले जोड दिसले तर त्यांचा फोटो काढून ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवावा.

९. बॅटरी रोज रात्री उतरत असेल तर

सर्व दरवाजे बंद, चावी काढलेली आणि गाडी अर्धा तास शांत ठेवल्यावर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मल्टीमीटर १० अँपिअरच्या जागी लावून सोडवलेली वायर आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये जोडावा. ५० मिलीअँपिअरपर्यंतचा आकडा सामान्य आहे. त्याहून बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा एकदम खाली येतो त्या मार्गावर दोष आहे. मल्टीमीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मल्टीमीटर जळतो. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम आणि डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे गुन्हेगार आहेत.

१०. पावसाळ्यात

गाडी पाण्यात उभी होती किंवा पाण्यातून जाताना बंद पडली, तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टोचन करून न्यावी आणि प्लग काढून तपासून घ्यावी. सेल्फ मारल्याने झालेले इंजिनचे नुकसान साध्या विमा पॉलिसीतून भरून मिळत नाही; त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते.

११. गॅरेज, विमा आणि विक्रेता

मेकॅनिकला ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच सांगू नये. आवाज कोणता आला, तीन आकडे किती आले, कोणता दिवा लुकलुकतो आणि कोड कोणता आहे, हे कागदावर लिहून द्यावे. काम सुरू करण्यापूर्वी अंदाजे खर्च मागावा आणि काढलेला जुना भाग परत द्यावा, असे आधीच सांगून ठेवावे.

पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर मदत विनामूल्य मिळू शकते, पण पॉलिसी तुमच्या नावावर झालेली असली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३ या क्रमांकावर फोन करावा.

गाडी डीलरकडून घेतली असेल तर पहिल्याच दिवशी त्याला लेखी कळवावे. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र असणे बंधनकारक आहे, त्याची प्रत मागावी. संदेशासोबत सेल्फ मारतानाचा आवाजासह व्हिडिओ, मल्टीमीटरवरच्या आकड्यांचे फोटो आणि विक्रीच्या वेळी दिलेल्या वॉरंटीची प्रत जोडावी. तरीही दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तेथे हेच फोटो, आकडे व तारखा उपयोगी पडतात.